गोत्तिल्ला डॉक्टर

सोलापुरात त्या काळी डॉक्टरची परीक्षा हातगुणावर व्हायची. शिक्षण कुठं झालं, औषध कुठलं दिलं, हे कुणी विचारत नसे. अमक्याच्या हाताला गुण आहे अशी एकदा हूल उठली की त्याच्या दारात टांगे उभे राहायचे. या परीक्षेत भवानी पेठेतले डॉक्टर बसलिंगप्पा दरवर्षी नापास होत. कारण त्यांना एक वाईट खोड होती. रोग्याची छाती, पाठ, जीभ, डोळे सगळं तपासून झालं की ते खुर्चीत मागं रेलायचे, छताकडं बघायचे आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणायचे, "गोत्तिल्ला."

गोत्तिल्ला म्हणजे कानडीत 'माहीत नाही'. सोलापुरात निम्म्या गावाला कानडी येतं आणि उरलेल्यांना एवढं तरी समजतंच. तो शब्द झाला की ते लगेच म्हणायचे, "नोडोण." म्हणजे बघूया. पण हा दुसरा शब्द ऐकायला बहुतेक लोक थांबत नसत.

एक सुताचा व्यापारी पोट दुखतं म्हणून त्यांच्याकडं आला होता. डॉक्टरांनी त्याला झोपवलं, बसवलं, वाकवलं, सकाळपासून काय काय खाल्लं ते वदवून घेतलं आणि शेवटी व्हायचं तेच झालं. व्यापारी वैतागून म्हणाला, "अहो, निदान पित्त तरी म्हणा!"

"पित्त असली तर म्हणतो की," डॉक्टर म्हणाले. "असली का नाही ते बघू द्या."

डॉक्टरांचं घर अक्कलकोटच्या बाजूचं, बोली कानडी. मराठीत कुठली वस्तू तो, कुठली ती आणि कुठली ते, हा घोळ त्यांच्याच्यानं जन्मभर निस्तरला नाही. व्यापारी उठला आणि दुसऱ्या डॉक्टरकडं गेला. त्यानं पागोट्याकडं बघूनच पित्त सांगितलं. पोट दुखायचं काही थांबलं नाही, पण दुखण्याला नाव मिळालं म्हणून स्वारी खूष झाली आणि गावभर सांगत सुटली. तेव्हापासून बसलिंगप्पा गेले आणि गोत्तिल्ला डॉक्टर तेवढे उरले.

दिसायला माणूस उंच, किंचित पोक काढून चालणारा. धोतर, वर बंद गळ्याचा कोट, आणि कान असे मोठे की टोपी त्यांच्यावरच टेकलेली असावी. दवाखाना दोन खोल्यांचा. दोन्ही बाजूंना पद्मशाली विणकरांचे माग चालायचे, त्यामुळं छातीला नळी लावायच्या वेळी ते भिंतीवर हात आपटून शेजाऱ्याला तेलुगूत काहीतरी ओरडायचे. माग थांबायचा. ठोके ऐकून झाले की पुन्हा भिंतीवर हात, की माग सुरू. सगळ्या आळीला ही सवय झाली होती.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो माझ्या बायकोमुळं. मी तेव्हा मिलच्या हपिसात कारकून होतो. घरात आई, मी आणि शेवंता. आमचं मूळ गाव माळशिरस तालुक्यात. वडील गेल्यावर आईला घेऊन मी सोलापुरात बिऱ्हाड केलं होतं. शेवंता कामाला वाघ होती. पहाटे जात्यावर बसली की मिलचा भोंगा व्हायच्या आत पायली दळून मोकळी. आणि हसरी. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं आमच्या घरात हसण्याचा आवाज होता, तो तिचा.

तिसऱ्या वर्षी काहीतरी बिघडलं. काय, ते सांगता येत नव्हतं. ताप नाही, खोकला नाही, कुठं सूज नाही. सकाळी धडधाकट. दिवस कलला की तिच्या पापण्या खाली यायच्या. हातातून तांब्या पडायचा. बोलताना आवाज नाकातून यायचा आणि हसायला गेली तर ओठ वर न जाता नुसते फाकायचे. आईला वाटायचं, सून वेडावून दाखवते आहे.

"सकाळी धा भाकऱ्या बडवती आन दिवस बुडाला की हिची पापणी मिटती," आई म्हणायची. "कसलं आलंय दुकणं? दुकणं काय घड्याळ बगून येतं व्हय? सोंग हाय निस्तं. कामाची चोर."

त्यात भर म्हणजे दारातल्या गाईच्या आंबोणात, तिच्या भिजवलेल्या खाण्यात, रोज रात्रीच्या भाकरीचे तुकडे सापडू लागले. "जवारीची भाकर नरड्याखाली उतरत न्हाई वाटतं म्हाराणीच्या. म्हायेरी का गव्हाच्या पोळ्या खात हुती?" आई विचारायची आणि शेवंता मान खाली घालून उभी राहायची. मी आईला समजवायचो. आई माझ्याशी बोलायचं बंद करायची. मग मी शेवंताला समजवायचो. तिला काय समजवायचं तेच मला माहीत नव्हतं.

उपाय मात्र आम्ही सगळे केले. वैद्यानं वात सांगितला आणि काढा दिला. आईनं देवऋषी आणला. त्यानं बाहेरचं आहे म्हणून लिंबं उतरली. एका बड्या डॉक्टरनं शेवंताकडं न बघता मला विचारलं, "मूलबाळ?" नाही म्हटल्यावर हसला. "होऊ दे, सगळं बरं होईल." दुसऱ्यानं हिवताप ठरवला आणि कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, पुड्या दिल्या. त्या घेतल्या आणि ती अंथरुणालाच लागली. मग आईनं फर्मान काढलं की दसऱ्यानंतर तिला माहेरी पोचती करायची, आणि ती गेली की परत आणायची नाही. माझ्या मामानं दुसरी मुलगीही बघून ठेवली होती. शेवंताला ते कळलं होतं. ती मला एकदाच म्हणाली, "मी सोंग न्हाई करत. तुमी तरी खरं माना." मी मानत होतो. पण माझ्या मानण्यानं तिची पापणी वर उचलली जात नव्हती, आणि आईपुढं टिकेल असा एकही शब्द माझ्याजवळ नव्हता.

गोत्तिल्ला डॉक्टरांचं नाव मला एका म्हाताऱ्या टांगेवाल्यानं सुचवलं. हिवतापवाल्या डॉक्टरकडून परत येताना मी त्याच्याशी बोलत होतो. तो म्हणाला, "एक बार बसलिंगप्पा डॉक्टर कू दिखाव, बाबू. उनकू कुच बी मालूम नै. पन झूट नै बोलते." इतकी विचित्र शिफारस मी त्याआधी ऐकली नव्हती. बाकी सगळं करून झालं होतं म्हणूनच गेलो.

सकाळची वेळ होती. आई पहारा द्यायला बरोबर होतीच. डॉक्टरांनी विचारलं, "नाव काय पेशंटची?"

आईदेखत बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे मला घाम फुटला. "आमच्या घरातल्या..." मी म्हणालो.

"घरात तर भांडी पण असते. नाव?"

शेवंतानं स्वतःच पदरातून नाव सांगितलं. त्यानंतर डॉक्टरांनी माझ्याकडं आणि आईकडं पाठच केली. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "शेवंताबाई, गेल्या दिवाळीला काय येत होती, जी आता येत नाही?"

असा प्रश्न आजवर तिला कुणी विचारला नव्हता. तिनं पदराखालच्या केसांना हात लावला. मग म्हणाली, "आंबाडा."

"काय?"

"क्येसाचा आंबाडा. हात वर ठरतच न्हाईत. घालाय गेलं की आपसूक खाली येत्यात."

मी आईकडं बघितलं. मोकळे केस सोडून हिंडते म्हणून आईनं तिला वर्षभर फैलावर घेतलं होतं. डॉक्टरांनी तिला हात वर धरायला लावले. सकाळ होती, हात राहिले. डोळे उघडमीट करवले, तेही ठीक. आई खोकली. त्या खोकल्याचा अर्थ मला पाठ होता.

डॉक्टरांनी आधीच्या औषधांचं गाठोडं सोडलं. त्यांची आणखी एक खोड म्हणजे दुसऱ्यानं दिलेलं औषध स्वतः चाखायचं. काढा चाखला, तोंड वाकडं केलं. पांढऱ्या पुडीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि थांबले. "कोयनेल. हे घेतल्यावर बिघडली?"

"व्हय."

"मग परत नाही द्यायची. कधीच नाही."

"का वो?" आईनं विचारलं.

"गोत्तिल्ला," डॉक्टर म्हणाले. आईनं पदर सारखा केला आणि उठायला लागली. पण डॉक्टर अजून विचारात होते. त्यांनी शेवंताला विचारलं, "हे आजार घरी कधी असते?"

आम्हाला कुणालाच अर्थ लागेना.

"आता आजार घरी नाही. बाहेर गेलंय. मी कुणाला तपासू? घरी असते तेव्हा मी येतो."

"दिवेलागणीला असतंय," शेवंता म्हणाली.

घरी आल्यावर आईनं रान उठवलं. "तिन्हीसांजंला घरात लक्ष्मी येती. दागतर न्हाई येत कुणाच्यात!" पण त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर आले आणि आई दिवा लावेपर्यंत चपला काढून बाहेर ओट्यावर बसून राहिले. दिवा लागला, आईनं हात जोडले, बाहेरून डॉक्टरांनीही जोडले. त्यानंतर आईला त्यांना आत घेण्यावाचून इलाज राहिला नाही.

आत आल्यावर त्यांनी विचारलं, "सून जेवते तेव्हा कोण बघते?"

"सून जेवताना बगायचं काय?" आई म्हणाली. "आमी जेवलो की मागनं जेवती की. चुलीम्होरं."

"म्हणजे कुणी नाही. आज आपण बघू."

परक्या पुरुषासमोर, नवऱ्याच्या आणि सासूच्या आधी सुनेनं जेवायला बसायचं! आई रागानं लाल झाली. शेवंता तर भिंतीत शिरायला बघत होती. डॉक्टर मात्र ताट वाढलं जाईपर्यंत चुलीसमोर मांडी घालून बसले होते. "शेवंताबाई, लाजायची नाही. मी डॉक्टर आहे. मी पण जेवते घरी." एवढ्या ताणातही त्या 'जेवते'नं तिला हसू आलं, आणि ओठ नुसतेच फाकले. डॉक्टर पुढं वाकून बघत राहिले.

पहिला घास तिनं चावला. दुसराही. तिसऱ्याला जबडा रेंगाळला. चौथ्याला तिनं डाव्या हाताचा पंजा हनुवटीखाली लावला आणि जबडा हातानं वर ढकलून मिटू लागली. इतकी सहज की ती रोज तशीच जेवत असणार. घास गालात तसाच राहिला. डॉक्टरांनी पाणी प्यायला सांगितलं. ती नको म्हणाली. त्यांनी पुन्हा सांगितलं. ती प्याली आणि पाणी नाकावाटे परत आलं.

डॉक्टरांनी विचारलं, शाळेत गेलात का? तिसरीपर्यंत, ती म्हणाली. मग पाढे म्हणा. ती बेचा पाढा म्हणू लागली. आधी आवाज खणखणीत. तीनच्या पाढ्यात तो नाकात गेला. चारच्या पाढ्यात अर्धे शब्द विरघळले आणि पापण्या पूर्ण खाली आल्या. पाचाला नुसती हवा यायला लागली. तरी ती म्हणतच होती. सगळ्यांसमोर एकदाचं दाखवायला मिळतंय म्हणून असेल, पण ती थांबेना. शेवटी डॉक्टरांनीच तिचा हात धरून तिला थांबवलं.

आई दाराला टेकून उभी होती. गालातला तो न चावलेला घास तिला दिसत होता, आणि आंबोणातले तुकडेही तिला आठवले असणार. डॉक्टर उठले आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "आई, ही सोंग नाही. सोंग असली तर मला कळली असती. तेवढी मला येते."

"मग काय हाय वो?" आईचा आवाज अगदी बारीक झाला होता.

आता आईला तो शब्द परत ऐकावा लागणार म्हणून मी जमिनीकडं बघितलं. डॉक्टरांनी तो उच्चारला, पण नेहमीसारखा मोठ्यानं नाही.

माहेरी पाठवायची गोष्ट त्या दिवशी संपली. मामाला निरोप गेला. शेवंता त्या रात्री शांत झोपली आणि सकाळी मला म्हणाली, "आता मेले तरी चालंल." मला तिचा राग आला. मी तसाच मिलमध्ये गेलो.

त्यानंतर डॉक्टर नेमानं दिवेलागणीला येऊ लागले. पावसाळा गेला, थंडी गेली. त्यांनी त्यांच्या परीनं सगळं केलं. मोठं जेवण सकाळी द्यायला लावलं, संध्याकाळी कण्या आणि ताक. जातं बंद. मुंबईच्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, तिकडूनही काही कळलं नाही. आईनं देवघरासमोर नवस बोलले. डॉक्टर कधी पापणी उचलून बघायचे, कधी नुसतेच तिच्याजवळ बसायचे. त्यांच्याकडं द्यायला काही नव्हतं, आणि नसताना काहीतरी पाणी रंगवून द्यावं हे त्यांना जमत नव्हतं. एकदा मी चिडून म्हणालो, "डॉक्टर, काही नाही तर नुसतं येऊन काय उपयोग?" ते म्हणाले, "ती वाट बघते." ते खरं होतं. संध्याकाळी ती दाराशी बसायची आणि त्यांची पोक काढलेली चाल दिसली की चेहरा सावरायची. दोघं बघत असत, आज पाढा कुठपर्यंत जातो ते.

बदल झाला तो आईत. सासू सुनेचा अंबाडा घालू लागली. जेवताना शेजारी बसून हनुवटीखाली आपला हात धरू लागली. कण्या पुन्हा पुन्हा भरडून इतक्या बारीक करायची की गिळायला त्रास होऊ नये. शेजारणींनी काही म्हटलं की अंगावर धावून जायची. "सोंग म्हनू नगा माज्या पोरीला. दागतरनं सांगितलंया." काय सांगितलंय, असं कुणी विचारलं तर मात्र तिला गप्प बसावं लागायचं.

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांचे थोरले भाऊ वारले, म्हणून ते गावी गेले. त्याच दिवसांत शेवंताला ताप भरला. साधा ताप, थंडी वाजून आलेला. गल्लीत घरोघर होता. मी मिलमध्ये होतो. दुपारी ताप चढला तसा आईचा जीव राहीना. तापाला कोयनेल हे सोलापुरात पोरासोरांनाही ठाऊक. पोस्टात पुड्या मिळायच्या. डॉक्टरांनी देऊ नका म्हणून सांगितलं होतं, पण ते का, हे त्यांना सांगता आलं नव्हतं. आणि समोर पोर तापानं फणफणलेली. आई उन्हात अनवाणी पोस्टात गेली, पुडी घेऊन आली आणि मधात कालवून तिला चाटवली.

मी घरी आलो तेव्हा शेवंताला मान उचलता येत नव्हती. मग श्वास उथळ झाला. शुद्धीवर होती, सगळं समजत होतं, डोळे उघडायचेत हेही समजत होतं. मी बोटानं तिची पापणी वर धरली की ती माझ्याकडं बघायची. मी दुसऱ्या डॉक्टरला आणलं, त्यानं छातीला राईचा लेप सांगितला. लेप वाळायच्या आत ती गेली.

निरोप मिळताच डॉक्टर गावाहून तसेच आले. सगळं आटोपलं होतं. ते आत आले, चुलीसमोर तिच्या जागेकडं बघत उभे राहिले. वरच्या कोनाड्यात कोयनेलची फोडलेली पुडी होती. त्यांनी ती बघितली. पुडीची घडी घातली, कोटाच्या खिशात टाकली आणि आईच्या पाया पडून निघून गेले.

मी परत लग्न केलं नाही. आई आणि मी राहिलो. आई त्या पुडीबद्दल कधी बोलली नाही. पण तिनं उन्हात चप्पल घालायचं सोडलं.

नंतर काही वर्षांनी, तिसाचं दशक सरत आलं होतं तेव्हा, एका संध्याकाळी डॉक्टर आमच्या ओट्यावर येऊन बसले. फार थकलेले. मी पाणी दिलं. ते म्हणाले, "नाव सापडली तिची."

विलायती मासिकात त्यांनी शेवंताच्या आजाराचं नाव वाचलं होतं. मायस्थेनिया. मी दोनदा विचारून घेतलं. दिवसभर बळ सरत जातं, झोपलं की थोडं परत येतं. पापण्या, जबडा, घसा, सगळं तसंच लिहिलं होतं. "आता सुई निघाली त्याला," ते म्हणाले. "दिली की अर्ध्या तासात पापणी वर."

"अर्ध्या तासात?"

त्यांनी मान डोलावली. मग मीच विचारलं, "आणि कोयनेल?"

ते खूप हळू बोलले. "ह्या आजाराला विष."

मागं दार करकरलं. आई दारात होती. आमचं बोलणं तिला किती ऐकू आलं होतं कोण जाणे, कान अधू झाले होते. एवढा एक शब्द मात्र तिनं टिपला होता. ती डॉक्टरांच्या समोर येऊन बसली.

"दागतर, कोयनेल म्हनालात न्हवं? मी दिल्तं तिला. शेवटच्या दिशी. त्येनं गेली का वो माजी पोर?"

न कळलेल्या गोष्टीला जन्मात कधी 'कळली' असं न म्हणणारा माणूस माझ्यासमोर बसला होता. आता तर त्यांना सगळं कळलं होतं. मी मध्ये काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ते आईकडं सरळ बघत होते.

"नाही," ते म्हणाले. "कोयनेलची काही संबंध नाही, आई. तापानं गेली. मी इथं असतो तरी गेली असती."

"खरं?"

"डॉक्टर मी आहे का तुम्ही?" ते खेकसले. त्यांना खेकसताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

आई तिथंच ओट्यावर पदर तोंडाला लावून रडली. इतकी वर्षं मी तिला रडताना बघितलं नव्हतं. डॉक्टर तिचं रडणं थांबेपर्यंत हलले नाहीत. मग चहा मागून घेतला, सगळा प्याले आणि उठले.

मी कोपऱ्यापर्यंत पोचवायला निघालो. आभार मानायला गेलो तर त्यांनी हातानंच थांबवलं. "जा तुम्ही. तिच्याजवळ बसा." मी मागं फिरलो आणि दारातून बघितलं. आमच्याच गल्लीत पुढं एका विणकराची मागाची खोली होती, तिथं ते थांबले होते. एका हातानं भिंत धरून, मान खाली घालून उभे होते. आतल्या विणकरानं त्यांना ओळखलं असावं, कारण त्यानं माग थांबवला. थोड्या वेळानं डॉक्टरांनी टोपी सारखी केली आणि चालू लागले.